एकटं गिनीचं पिल्लू

गिनी म्हणजे गिनी फाउल, कोंबडीसारखाच पाळतात तो पक्षी. तिच्या अंड्यांवर आमच्याकडे गावठी कोंबडीच बसवतात. गिनीची मादी बांधावरच्या गवतात अंडी घालते. स्वतः उबवली तर पहाटेच्या दवात पिल्लांना घेऊन चरायला निघते, आणि त्यातली कित्येक गारठून मरतात. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, गिनीचं २६ ते २८ दिवस घेतं. तेवढा जादा आठवडा नेटानं बसेल अशी खुडूक कोंबडी हेरून ठेवावी लागते.

या आषाढात आमच्या कोंबडीनं पिल्लं काढली आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन उठली. मागं राहिलेल्या अंड्यांपैकी एकाला चीर गेली होती, आतून बारीक आवाज येत होता. ते मी घरात आणून दिव्याखाली ठेवलं. रात्री पिल्लू बाहेर आलं, सुकलं, तेव्हा हळूच कोंबडीच्या पंखाखाली सरकवून पाहिलं. तिनं टोचून बाहेर काढलं. मग ते माझ्याकडेच राहिलं.

जेमतेम २५ ग्रॅमचा जीव. अंगावर तपकिरी लव, त्यावर गडद पट्टे, चोच आणि पाय नारिंगी. मोठ्या गिनीचं बोडकं डोकं आणि वरचं शिंग पाहिलेल्या माणसाला हे तिचंच पिल्लू आहे हे खरंही वाटणार नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला गोणपाट घातलं. वर्तमानपत्र गुळगुळीत असतं, त्यावर पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच राहतात. पाणी बरणीच्या झाकणात, आणि झाकणात खडे, कारण बोटभर पाण्यातही ही पिल्लं बुडतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. मी थर्मामीटर ठेवला होता, पण खरं पिल्लूच सांगतं. दिव्याखाली अंग चोरून बसलं तर गारठलंय, कोपऱ्यात चोच उघडून धापा टाकत असलं तर दिवा वर घ्यायचा. कोयनेच्या खोऱ्यात आषाढात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवायचे. गोणपाट मात्र रोज बदलायचं. थंडीइतकीच ओल वाईट.

खायला कणी पुरत नाही. गिनीच्या पिल्लाला पहिले काही आठवडे कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त प्रथिनं लागतात, साधारण २४ टक्के. मी ब्रॉयलर कोंबडीच्या अगदी लहान पिल्लांचं प्री-स्टार्टर खाद्य मिक्सरला बारीक करून द्यायचे, जोडीला उकडलेल्या अंड्याचा बलक. मुलगा बांधावरची वाळवी करवंटीत घेऊन यायचा. वाळवी दिसली की पिल्लू अशी झडप घालायचं, की बघणाऱ्याचं मन भरून यावं.

हे सगळं जमलं, तरी ते ओरडायचं. पोट भरलेलं, ऊब पुरेशी, आणि तरी सुरी फिरवल्यासारखा तो आवाज. मी जवळ बसले की गप्प, उठले की सुरू. सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्याला भूक न्हाय, त्याला माणसं पायजेत त्याची.” अगदी खरं होतं. गिनी कळपाचा पक्षी आहे. आफ्रिकेच्या माळरानात तो थव्यानं हिंडतो, एकानं ओरडून इशारा दिला की सगळे सावध होतात. एकटं पडणं त्याच्या रक्तातच नाही. खोक्यात आरसा उभा केला, तर पिल्लू त्याला टेकून झोपलं. माझ्या पदरातही झोपायचं, स्वयंपाकघरात पायापायांत यायचं, आणि मला ते फार आवडायचं. पण मी काही त्याला गिनीचं जगणं शिकवू शकत नव्हते. घारीची सावली पडली की कुठं दडायचं, रात्री कुठल्या फांदीवर बसायचं, हे त्याच्या जातीचेच शिकवणार.

म्हणून पिसं फुटल्यावर रोज उघडीप मिळाली की जाळीचा पिंजरा भावंडांच्या शेजारी ठेवायला लागले. जाळीतून दिसतंय, ऐकू येतंय, टोचता येत नाही. पहिल्यांदा कोंबडी फुगून अंगावर आली. पुढं तिनं लक्ष देणं सोडलं. मग एका संध्याकाळी अंधार पडताना त्याला खुराड्यात सोडलं. सकाळी सगळी एकत्रच बाहेर पडली. दोन-चार दिवस मोठ्या पिल्लांनी हाकललं, पण जखम कुणालाच झाली नाही.

आता ती कळपात आहे. मादी आहे हे आवाजावरनं कळलं. दोन तुकड्यांतली ती हाक मादीच देते, नराला एकाच सुराचं ओरडता येतं. गोठ्याकडे परका माणूस वळला की सगळ्यांत आधी तिचाच आवाज येतो.

लोक पिल्लं मागायला येतात. साप दिसला की ओरडतात, गोचीड खातात, हे त्यांनी ऐकलेलं असतं. बहुतेकांना एकच हवं असतं, पोरांना खेळायला. त्यांना मी नाही म्हणते. चार-पाच नेणार असाल तर दिवाळीनंतर या, म्हणून सांगते.