मृगाच्या पोटातला बाण

गेल्या डिसेंबरात गावी गेलो होतो, रात्री दहाच्या सुमारास लाईट गेली म्हणून भाच्याला घेऊन गच्चीवर चढलो तर पूर्वेला मृग असा काही लखलखत होता की बस. हरणाचे चार पाय म्हणजे ते चार तारे, आणि पोटात ओळीत तीन. त्याला म्हटलं ही तीन ताऱ्यांची रेघ बोटाने खाली वाढव बघू, बोट गेलं थेट व्याध या ताऱ्यावर. आता वर वाढव, तर जवळपास रोहिणीपाशी, तो लालसर तारा. तो म्हणाला, "मामा, म्हणजे याने त्याला बाण मारलाय?"

हीच गोष्ट ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे! प्रजापती आपल्याच मुलीच्या मागे लागला, ती रोहित म्हणजे लाल हरिणी झाली, तो हरीण होऊन तिच्यामागे धावला. देवांना ते सहन झालं नाही, त्यांनी आपली सगळी घोर रूपं एकत्र करून एक देव उभा केला आणि त्याने बाण मारला. आणि पुढे ग्रंथ स्वतःच सांगतो की वर उडाला तो मृग, मारणारा तो मृगव्याध, ती रोहिणी आणि तो तीन कांडांचा, म्हणजे तीन पेरांचा बाण म्हणजे 'इषुस्त्रिकाण्डा', हरणाच्या पोटातले ते तीन तारे. म्हणजे हे रूपक कुणी आधुनिक माणसाने ओढूनताणून काढलेलं नाहीये, मूळ ग्रंथातच आकाशाकडे बोट दाखवलंय.

मला याचं फार वाटतं, कारण आपल्याकडे अशी कथा निघाली की एक जण म्हणतो शी काय हे, दुसरा म्हणतो श्रद्धेवर बोलायचं नाही, आणि वर कुणी बघतच नाही. खरं तर अशी कथा शब्दशः घ्यायची की रूपक म्हणून, हा प्रश्न जुन्या लोकांनाही पडला होता. वेदांतल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या निरुक्त या ग्रंथात यास्क विचारतो की इंद्राने मारलेला वृत्र कोण, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवतो, नैरुक्त (शब्दांची व्युत्पत्ती बघणारे) म्हणतात मेघ, ऐतिहासिक (कथा घडलेली मानणारे) म्हणतात त्वष्ट्याचा मुलगा असुर. सातव्या शतकाच्या आसपास कुमारिल भट्ट या मीमांसकांनी तर सरळ लिहिलं की प्रजापती म्हणजे सूर्य आणि तो उषेच्या मागून येतो, इंद्र-अहल्येच्या कथेतही इंद्र म्हणजे सूर्य आणि अहल्या म्हणजे दिवस उगवला की लोपणारी रात्र. एकाच प्रजापतीचे दोन अर्थ, एक हरणाचा, एक सूर्याचा, आणि परंपरेने दोन्ही सांभाळले.

(मृग म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो. पण ७-८ जूनला मृग लागतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे तेव्हा तो रात्री दिसतच नाही. बघायचा असेल तर मार्गशीर्षात, पौर्णिमेचा चंद्र त्याच्याजवळ असतो म्हणूनच तर महिन्याचं ते नाव.)

टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये याच कथेवरून आणि मार्गशीर्षाच्या 'आग्रहायण' (वर्षाची सुरुवात) या नावावरून मांडलं की कधीकाळी वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, मृगात होता. संपात मागे सरकतो, ७२ वर्षांत साधारण एक अंश, म्हणजे एक नक्षत्र ओलांडायला साडेनऊशेच्या वर वर्षं, आज तो उत्तरा भाद्रपदात आहे, त्यावरून त्यांनी इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपासचा काळ काढला. सगळ्यांनी ते मानलं नाही आणि मलाही कथेवरून सन काढणं जरा जास्तच वाटतं, कथा नंतरही रचता येते. पण भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी जे धरलं ते वेगळं आहे. शतपथ ब्राह्मणात वाक्य आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. हे रूपक नाही, हे बघून लिहिलंय, आणि संपात सरकतो तशी ताऱ्यांची उगवायची जागाही सरकते, म्हणून दीक्षितांनी त्यावरून इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा काळ धरला. त्यावरही वाद आहेतच, पण वाद घालायला समोर मोजता येईल असं काहीतरी आहे. म्हणूनच कुठल्याही श्लोकातून अणू नाहीतर प्रकाशाचा वेग काढणारे फॉरवर्ड आले की मला त्रास होतो, त्यांना आकाशात ताडून बघायला काहीच नसतं.

कार्तिकात संध्याकाळी कृत्तिका उगवतात तेव्हा मी मोबाईलचा कंपास घेऊन टेकडीवर उभा राहिलो होतो. तो झुबका आला तो पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे सरकून, आणि जिथे त्या एकेकाळी उगवायच्या त्या ठिकाणी रिकाम्या आकाशाकडे मी बराच वेळ बघत राहिलो.