आमची वाटचाल: असेंबलिंगपासून राउटरपर्यंत

सांगलीत आम्ही दुकान टाकलं ते कॉम्प्युटर असेंबल करून विकायला. पुढे लॅपटॉप आवाक्यात आले, मग निम्मी कामं मोबाईलवर गेली आणि असेंबलिंग जवळजवळ थांबलंच. माळ्यावर उरला तो एक्स्चेंजमध्ये घेतलेल्या जुन्या डेस्कटॉपचा ढीग. अशाच जुन्या मशीनचे, आमच्या किंवा गिऱ्हाईकाच्या घरच्या, आता आम्ही घरासाठी राउटर करून देतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करणारी मंडळी घरच्या नेटच्या सुरक्षेबद्दल विचारायला लागली. नेटवाल्यानं दिलेल्या राउटरला वर्षानुवर्षं अपडेट नाही आणि त्याच वायफायवर ऑफिसचा लॅपटॉप, मुलांचा टॅब, गेटवरचा कॅमेरा. २०१६ मध्ये 'मिराई' या व्हायरसनं असेच कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारे डीव्हीआर कंपनीतून आलेला पासवर्ड वापरून लाखांनी ताब्यात घेतले होते. म्हणून कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवायचं, हा आमचा पहिल्यापासूनचा हट्ट.

जुन्या डेस्कटॉपवर आम्ही ओपीएनसेन्स टाकतो; मशीनचा राउटर करणारं हे सॉफ्टवेअर. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं, फुकट आहे, २०१५ मध्ये पीएफसेन्स या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं निघालं. चार जीबी रॅम आणि छोटी एसएसडी घराला पुरते. अडतं ते लॅन कार्डापाशी, म्हणजे नेटची केबल जिथे लागते त्या कार्डापाशी. मदरबोर्डवर पोर्ट एकच, आणि राउटरला एक बाहेरच्या लाइनसाठी, एक घरासाठी असे दोन लागतात. सर्व्हरमधून निघालेलं इंटेलचं दोन पोर्टचं कार्ड मिळालं तर उत्तम; रिअलटेकचं फ्रीबीएसडीशी तितकं पटत नाही. कार्ड बसवलं की स्क्रीनवर दोन पोर्टांची नावं म्हणून नुसतं ईएम०, ईएम१ दिसतं. मागचं भोक कुठलं ते कळत नाही. मग एकात केबल खोचायची, स्क्रीनवर 'लिंक अप' कुणापुढे येतं ते बघायचं आणि लगेच पट्टी चिकटवायची: 'बाहेर', 'घर'. जुना राउटर टाकून द्यायची गरज नाही. त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद केलं, केबल लॅनच्या पोर्टात लावली की तो नुसता वायफायपुरता उरतो.

"मशीन घरचंच आहे, मग खर्च कसला?" असं विचारणारे काका दर आठवड्याला येतात. त्यांच्यासमोर आम्ही प्लगला वॅटमीटर लावतो. पन्नास वॅट खाणारं मशीन चोवीस तास चाललं तर महिन्याला ३६ युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, तेव्हा हे ३६ कुठल्या टप्प्यात पडतात ते आधी बघा म्हणतो. पेन्टियम फोरसारखं जुनं, वीज खाणारं मशीन घेऊन कुणी आलं तर सरळ हात जोडतो.

आमच्याकडे लाइट जाते, त्यामुळे बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, 'वीज आली की आपोआप चालू हो' हे सेटिंग करावंच लागतं. आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल न विचारता नवा टाकतो. तो मेलेला असला तर लाइट आल्यावर मशीन सेटिंग विसरतं आणि 'एफ१ दाबा' म्हणत बसून राहतं. कीबोर्ड जोडलेला नसतो, घरात नेट नसतं आणि फोन आम्हाला येतो.

आता ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून इंटेलच्या चौथ्या पिढीचे आय३, आय५ प्रोसेसरवाले डेस्कटॉप बरेच येतायत. एन्क्रिप्शनची सोय प्रोसेसरमध्येच असल्यामुळे व्हीपीएनला, म्हणजे ऑफिसशी वगैरे गुप्त जोडणी करायला, ते बरे पडतात. ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ती जानेवारीत आणि जुलैत येते. त्याच सुमाराला आमच्या दुकानातला मुलगा गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन सेटिंगचा (कॉन्फिगचा) बॅकअप घेतो आणि अपडेट करतो. या दोन फेऱ्यांचे पैसे ज्यांना जड वाटतात, त्यांना आम्ही साधा राउटरच घ्यायला सांगतो.