करंगळी

वसुबारसेच्या दिवशी, २८ ऑक्टोबर २०२४ ला, दुपारी तीनच्या सुमारास एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन थांबल्या. आत येईनात. दिवाळीची गर्दी, काउंटरवर पोरांची झुंबड. मी हाक मारली, "या मावशी, आत या." तेव्हा चपला बाहेर काढून आत आल्या. मोबाईलच्या दुकानात चपला काढून येणारी माणसं अजून आहेत, आणि अशा माणसापुढं माझा आवाज आपोआप खाली येतो.

बार्शीत एसटी स्टँडजवळ माझं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक खेड्यापाड्यातलं. दहा हजारांच्या वरचा फोन आठवड्यातून एखादा जातो, बाकी सगळं त्याच्या खाली.

"सात हजारात बसंल असा फोन दावा," मावशी म्हणाल्या. "बोलताना माणूस दिसतंय तसला."

वैरागच्या बाजूच्या होत्या. सोयाबीनच्या काढणीला मजुरीनं जात होत्या आणि त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या. लाडकी बहीणचे जुलैपासूनचे पाच हप्ते, दीड हजाराप्रमाणे साडेसात हजार झाले होते. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते दिवाळीआधी एकदमच जमा झाले, म्हणून ही रक्कम हाताशी आली होती. पाचशेच्या चौदा नोटा त्यांनी काउंटरवर एकावर एक ठेवल्या. उरलेले पाचशे तेलासाखरेसाठी पदराच्या गाठीत होते.

मुलगी चाकणला, तिला बाळ होऊन दोन महिने झालेले. नातवाला बघायचं तर शेजारणीच्या पोराच्या फोनवर. तो घरी असेल तेव्हा, त्याच्या मनात असेल तर. "रोज कुनाच्या दारात जाऊन हुबं ऱ्हायचं, दादा? त्यास्नीबी तरास," एवढंच त्या म्हणाल्या.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. २०२१ मध्ये शाळा फोनवर भरत होत्या. एका हमालाला मी मुलीच्या अभ्यासासाठी दोन जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची जागा, आणि बत्तीस जीबी स्टोरेज, म्हणजे साठवणीची जागा, असलेला फोन दिला होता. त्याच्या पैशात तोच बसत होता आणि मीही फार काही विचारलं नाही. पाच-सहा महिन्यांत तो भरून गेला. शाळेच्या ग्रुपवरचे व्हिडिओ उघडेनात, फोन पावलोपावली अडकायला लागला. तो माणूस दुकानात आला, भांडला नाही, फक्त म्हणाला, "मालक, ह्यात काय करता येतंय का बघा की." काहीच करता येत नव्हतं. तेव्हापासून स्वस्त फोन देताना मी घाई करत नाही. महागडा फोन घेणाऱ्याची निवड चुकली तर तो वर्षभरात दुसरा घेतो. सात हजारवाल्याला त्या चुकीसोबत तीन-चार वर्षं काढावी लागतात.

त्या दिवाळीत सात-आठ हजारांच्या पट्ट्यात बरेच फोन होते. रेडमी, पोको, मोटोरोला, लावा, आयटेल, सगळ्यांचं काही ना काही होतं. कागदावर सगळे भाऊभाऊ: साडेसहा इंचांच्या वरचा स्क्रीन, पाच हजार एमएएचची बॅटरी, चौसष्ट जीबी. माझ्याकडे सणापुरता बसलेला एका कंपनीचा प्रमोटर लगेच पुढे सरसावला. "मावशी, हा घ्या, आठ जीबी रॅम!" डब्यावर आठचा आकडा ठळक होता, त्याला चांदणी होती आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात खरी गोष्ट होती. रॅम चारच जीबी. उरलेली चार म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरायचा. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी मंद असतं, त्यामुळे चार अधिक चार म्हणजे आठ हे गणित फोनच्या वेगाला लागू होत नाही, आणि चौसष्टमधली चार जीबी जागा जाते ती वेगळीच. त्या पोराला मी बाजूला घेऊन सांगितलं, मावशींना आकडा सांगायचाच असेल तर चार सांग. त्याला टार्गेट असतं, मला ठाऊक आहे. पण समोरची बाई तो आकडा खरा धरून जाते.

दुसऱ्या एका फोनच्या डब्यात चार्जरच नव्हता. म्हणजे वर आणखी पैसे. तो मी काउंटरवर काढलाच नाही.

मग दोन डेमोचे फोन मावशींच्या हातात दिले. मागचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना पुढचा कॅमेरा लागणार होता, आवाज मोठा लागणार होता आणि दिवसा अंगणात दिसेल असा स्क्रीन लागणार होता. माझ्या फोनवरून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणालो, "हिरव्या बटणावर बोट लावा."

लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं, दाबून लावलं. फोन ढिम्म.

मला वाटलं, नवखेपणामुळं नीट लागत नसेल. मी लावून दाखवलं, उचलला गेला. मावशींनी लावलं, नाही. दुसऱ्या फोनवर चार वेळा प्रयत्न केले तेव्हा एकदा उचलला गेला. मावशींनी हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला. "न्हाई वो दादा, माजीच बोटं खराब. रेशनलाबी अंगटा उठत न्हाई."

मी म्हणालो, बघू द्या. सोयाबीनच्या काढणीत शेंगांची टोकं सुयांसारखी टोचतात. डाव्या हातानं मूठ धरायची आणि उजव्या हातानं विळा ओढायचा. दोन्ही हातांची बोटं भेगाळलेली, टोकाशी कातडं घट्ट झालेलं, वाळलेलं. फोनचा स्क्रीन दाबानं चालत नाही. काचेवरच्या बारीकशा विद्युत क्षेत्रात बोटामुळं जो बदल होतो, तो फोन ओळखतो, आणि त्यासाठी कातडीत थोडा ओलावा लागतो. सुकलेलं, जाड कातडं पुरेसा बदल करत नाही. हे मला पुस्तकी माहीत होतं. पण इतकी वर्षं फोन विकताना प्रत्येक फोन मी माझ्याच मऊ बोटांनी तपासत आलो होतो, हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि वर आम्ही प्रत्येक फोनला सवयीनं टफन, म्हणजे स्क्रीन जपायची जादा काच, चिकटवतो. जाड काचेनं तो स्पर्श आणखी मंदावतो. दोन्ही डेमोवर टफन होतं. ओरबाडून काढलं. दुसऱ्या फोनचा प्रतिसाद सुधारला, तरी तीनदा लावल्यावर एकदा.

तिसरा फोन सीलपॅक होता, त्याचा डेमो माझ्याकडे नव्हता. सील फोडायला निघालो तसा कामाचा पोरगा म्हणाला, "दादा, सणाला सील फुटलेला पीस कोण घेणार?" खरं होतं. सात हजारांच्या फोनमागं दोन-तीनशे सुटतात आणि फुटलेल्या डब्यावर तेवढे तर जातातच. तरी फोडलं. चालू करून भाषा मराठी केली, कॉल लावला. मावशींनी या वेळी भीत भीत तर्जनी टेकवली.

उचलला गेला. बंद करून परत लावला. उचलला गेला. दहापैकी आठ वेळा. पोरगाही मोजत होता.

फोनचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या बोटाला दुसरा फोन लागू पडेल, आणि त्याच नावाचा पुढच्या वर्षीचा फोन वेगळा असेल.

पंचाईत किमतीची होती. लिहिलेली किंमत साडेसात हजारांच्या आसपास, माझी खरेदी सात हजार दोनशे. मी खरेदीलाच द्यायला तयार झालो आणि म्हणालो, दोनशे नंतर द्या. मावशींनी मान हलवली. "सणासुदीला उधारी नगं." पदराची गाठ सोडली, पाचशेची नोट काढली. मला ती घ्यावीशी वाटेना. पैसे घेण्याआधी मी त्यांना रिचार्जचंही सांगितलं. त्यांच्या सिमचा इंटरनेटसकट सगळ्यात स्वस्त रिचार्ज जुलैच्या दरवाढीत १७९ चा १९९ झाला होता, तोही अठ्ठावीस दिवसांचा. म्हणजे वर्षाला तेरा वेळा, २,५८७ रुपये. तीन वर्षांत फोनच्या किमतीपेक्षा जास्त.

"ते म्हाईत हाय," मावशी म्हणाल्या. "जुन्या डब्बा फोनलाबी तेवडंच लागतंय की."

फोनचे सात हजार दोनशे, रिचार्जचे एकशे नव्व्याण्णव. साडेसात हजारांतले एकशे एक रुपये उरले. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, तेवढा आधार.

मग बसलो सेटिंगला. त्या प्लॅनमध्ये अठ्ठावीस दिवसांना मिळून दोनच जीबी डेटा, म्हणून व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं आणि कॉलला कमी डेटा लागेल असं करून ठेवलं. यानं डेटाही वाचतो आणि चौसष्ट जीबी लवकर भरत नाहीत. जुन्या फोनमधले नंबर एकेक करून उतरवले. मावशींना अक्षर येत नव्हतं, आकडा येत होता. कुठला नंबर कुणाचा हे शेवटच्या दोन आकड्यांवरून त्यांना पाठ होतं. मी प्रत्येक नावाला चित्र लावत गेलो. मुकादमाला ट्रॅक्टर, भावाला त्यांच्या गावच्या देवळाचा कळस, मुलीला तिचाच फोटो, कुशीत बाळ असलेला.

शेवटी लॉक. अंगठा घेईना, तर्जनी घेईना. दहाही बोटं एकेक करून बघितली. उजव्या हाताची करंगळी विळ्याच्या मुठीत सगळ्यात कमी घासली गेली असावी. तिच्यावरच्या रेषा शाबूत होत्या. ती घेतली. मावशींनी फोन बंद केला, करंगळीनं उघडला, बंद केला, उघडला. त्या पहिल्यांदाच हसल्या.

डबा आणि बिल जपून ठेवा, डब्यावरच्या आयएमईआय नंबरावरून हरवलेला फोन बंद करता येतो, असं सांगून मी बिल डब्यात घातलं. त्यांनी चपला घातल्या आणि स्टँडकडे गेल्या.

त्या रात्रीच मी काउंटरवरच्या सगळ्या डेमोंचे टफन काढून टाकले. आता सातआठ हजारांच्या गिऱ्हाइकाला मी आधी किंमत सांगत नाही. फोन त्याच्या हातात देतो, माझा कॉल लावतो आणि त्याच्या बोटाकडं बघत राहतो. एक-दोन कंपन्यांच्या फोनमध्ये स्पर्श जास्त नाजूक करायची सेटिंग असते, तीही आता मला तोंडपाठ आहे. गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, भट्टीवरची माणसं, सगळ्यांच्या बोटांची तऱ्हा निराळी.

त्याच रात्री शटर अर्धं ओढलं होतं तेव्हा माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर आधी पत्रा दिसला, मग बल्ब, मग मावशींचं कपाळ.

"दादा, लागला व्हय?"

"लागला, मावशी."

"बरं. ठिवते. तिकडं लावायचाय."