इंग्रजीतील शब्दयोगी अव्ययांची निवड

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि त्याला जोडूनच लिहिले जाते. इंग्रजीत मात्र ते बहुधा नामाच्या आधी, स्वतंत्रपणे येते. हा क्रम लवकर अंगवळणी पडतो. खरा कस लागतो तो निवडीत. घड्याळातील वेळेसाठी ‘ॲट’, वार व तारखेसाठी ‘ऑन’, महिना व वर्षासाठी ‘इन’ ही विभागणी उपयुक्त आहे. तरीही ‘इन द मॉर्निंग’ म्हणणारी भाषा वाराचा उल्लेख होताच ‘ऑन मंडे मॉर्निंग’ म्हणते, कारण तेथे वाराचे पारडे जड ठरते.

माझ्या मते सर्वाधिक लक्ष ‘बाय’ आणि ‘अनटिल’ यांच्याकडे द्यायला हवे. ‘सबमिट इट बाय फ्रायडे’ यात शुक्रवार ही अंतिम मुदत असते, त्यामुळे काम बुधवारी झाले तरी चालते. ‘वेट अनटिल फ्रायडे’ यात मात्र वाट पाहण्याची क्रिया शुक्रवार उजाडेपर्यंत अखंड चालू राहते. मराठीतील ‘पर्यंत’ दोन्हीकडे चपखल बसत असल्याने येथे हमखास गफलत होते.

‘डिपेंड ऑन’सारख्या जोड्या पाठच कराव्यात, ‘डिस्कस’नंतर मात्र थेट कर्म येत असल्यामुळे तेथे ‘अबाउट’ वापरू नये.