आमची वाटचाल : माणूस घेताना आम्ही काय बघतो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं इलेक्ट्रिकल पॅनलचं वर्कशॉप आहे. सुरुवात यंत्रमागाच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करण्यापासून झाली. पुढे टॉवेलच्या कारखान्यांत रॅपिअर माग (धोट्याशिवाय चालणारे नवे माग) आले आणि ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र), पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) यांची कामं सुरू झाली. तशी आमची मुलाखतही बदलली.

मुलं आयटीआयची येतात, पॉलिटेक्निकची येतात. मार्कलिस्ट बघून बाजूला ठेवतो. टेबलावर जुना स्टार-डेल्टा स्टार्टर असतो, म्हणजे मोटार आधी 'स्टार' जोडणीत सुरू करून मग 'डेल्टा'वर नेणारा. स्टारमध्ये सुरू का करायचं? 'करंट कमी लागतो' हे सगळ्यांचं पाठ असतं. मग टॉर्कचं, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं काय होतं, म्हटलं की निम्मे गप्प. करंटसारखा टॉर्कही एक तृतीयांशच उरतो, म्हणून लोड जड असेल तर मोटार उचलणार नाही, इथवर जो स्वतः येतो त्याला चहा सांगतो आणि पुढे बसवतो.

मग बिघाड सांगतो : मोटार नुसती 'हूं' करते, फिरत नाही. एक जण लगेच म्हणतो, 'वाइंडिंग जळालं.' दुसरा विचारतो, 'तिन्ही फेज येतायत का? बेल्ट काढून बघितलात का?' हा दुसरा आमच्या कामाचा. फ्यूज जाऊन एकच फेज तुटलेली असताना मोटार खोलली, तर तेवढा वेळ माग बंद.

सगळ्यात जास्त वजन सुरक्षिततेला. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हची लाइन बंद केली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये डीसी ५८० व्होल्टच्या आसपास असतो. लेबलवर लिहिलेला वेळ थांबायचं, मग मीटर लावून बघायचं. मीटरही आधी चालू लाइनवर तपासायचा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालूवर. हे न सांगता करणाऱ्याची बाकीची दोन उत्तरं चुकली तरी मी घेतो. धाकटा भाऊ म्हणतो, सवय लावता येते. मला नाही पटत.

इंग्रजी बोलता येतं का, हे विचारत नाही. मॅन्युअलमधला फॉल्ट कोड वाचून अर्थ लावता आला की झालं. शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत तेलुगू येत असेल तर उत्तमच, मालकाला बिघाड नीट समजतो.

शेवटी एक दिवस साइटवर नेतो, त्या दिवसाची मजुरी देऊन. पगाराचं आम्हीच आधी बोलतो, कारण पुण्यात जास्त मिळतं हे त्यालाही ठाऊक असतं.