तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसचा मेडिक्लेम असताना स्वतःचा कशाला वाढवायचा?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून पुण्याला नाहीतर बेंगळूरला नोकरीला गेलेली पोरं हा प्रश्न नेहमी विचारतात. वय पंचवीस ते तीस. ऑफिसचा ५ लाखांचा मेडिक्लेम आहे, घरी वडिलांनी कधीतरी काढलेली ३ लाखांची फॅमिली पॉलिसी आहे, आजवर दवाखान्यात एक रात्र काढावी लागलेली नाही. मग ती पॉलिसी उघडून बघायची कशाला, आणि जास्तीचा हप्ता भरायचा कशाला?

बघायची, आणि अंगात काही दुखणं नाही तेव्हाच वाढवायची. मेडिक्लेममध्ये रकमेइतकीच, माझ्या मते रकमेहून जास्त, किंमत असते ती पॉलिसी सलग चालू राहिलेल्या वर्षांना. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच पैसे मिळत नाहीत. हर्निया, मूतखडा, मूळव्याध, मोतीबिंदू अशा ठराविक दुखण्यांना बहुतेक ठिकाणी २ वर्षं थांबावं लागतं. शुगर, बीपी, थायरॉईड हे आधीपासून असेल तर जास्तीत जास्त ३ वर्षं; २०२४ पर्यंत ही मर्यादा ४ वर्षांची होती. आणि पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की, फसवणूक सिद्ध केल्याखेरीज, ‘तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं’ एवढ्या कारणावर विमा कंपनीला क्लेम नाकारता येत नाही.

ऑफिसच्या पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून सगळं मिळतं, ही तिची मोठी सोय. पण ती तुमच्या नोकरीला बांधलेली असते. राजीनामा दिला, कंपनीने कपात केली, गावाकडे येऊन स्वतःचं काही सुरू केलं, की ती संपली. नोकरी सुटताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि मागची वर्षं धरली जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मात्र त्यासाठी शेवटच्या दिवसाच्या आधी एचआरकडून पॉलिसी नंबर आणि कव्हर किती वर्षं होतं त्याचं पत्र घ्या आणि विमा कंपनीकडे लेखी अर्ज करा. तिथेही तब्येत तपासून हो-नाही ठरवायचा अधिकार विमा कंपनीचाच असतो. म्हणून ऑफिसची पॉलिसी वरकड समजायची, पाया स्वतःच्या पॉलिसीचा.

रक्कम वाढवताना एक गोष्ट एजंट बहुतेक वेळा बोलत नाहीत. ५ लाखांची पॉलिसी १५ लाखांची केली, तर जुन्या ५ लाखांची गेलेली वर्षं तशीच राहतात, पण वाढलेल्या १० लाखांचं थांबणं नव्याने सुरू होतं. सोनोग्राफीत खडा दिसल्यावर रक्कम वाढवून त्या खड्यासाठी काहीच हाती लागत नाही.

आता जुनी पॉलिसी काढा आणि आधी खोलीभाड्याची मर्यादा शोधा. सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, आणि डिस्चार्जच्या दिवशीच ते कळतं. जुन्या पॉलिसींत दिवसाचं खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का असं लिहिलेलं असतं. ३ लाखांच्या पॉलिसीत म्हणजे रोज ३,००० रुपये. समजा तुम्ही ६,००० ची खोली घेतली आणि ४ दिवस राहिलात. बिल १,८०,००० चं झालं: खोली २४,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून ९६,०००, औषधं, तपासण्या आणि आत बसवलेलं साहित्य ६०,०००. लोकांना वाटतं, खोलीतला फरक १२,००० तेवढा आपण भरू. तसं होत नाही. खोली दुप्पट महाग घेतली म्हणून डॉक्टर आणि थिएटरचे पैसेही निम्मेच मिळतात. मिळणार १२,००० अधिक ४८,००० अधिक ६०,०००, म्हणजे १,२०,०००, खिशातून ६०,०००. औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूच्या भाड्याला ही प्रमाणात कपात लावता येत नाही. हिशेब हातात आला की या ओळींवर कपात लागलीय का ते तपासा आणि लागली असेल तर लेखी हरकत घ्या. पॉलिसी बदलताना खोलीभाड्याला मर्यादा नसलेली, निदान ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ असं लिहिलेली घ्या. माझ्या लेखी हे इतर कुठल्याही फायद्याच्या आधी.

सीमाभागातल्या माणसाला आणखी एक कलम नीट वाचावं लागतं: झोन. बऱ्याच विमा कंपन्या शहरांचे गट पाडतात. बेळगावचा पत्ता दिला की साधारणपणे स्वस्त गटातला हप्ता बसतो. पण आपल्याकडचा मोठा आजार बेळगावातच थांबत नाही. बेळगावच्या केएलई हॉस्पिटलात नाहीतर मिरज-कोल्हापूरला भागलं नाही की गाडी पुण्याला, मुंबईला नाहीतर बेंगळूरला निघते. काही पॉलिसींत स्वस्त गटातला हप्ता भरून महागड्या गटात उपचार घेतले, तर बिलाचा ठराविक हिस्सा तुमच्या माथी येतो. तो किती टक्के ते कलमात लिहिलेलं असतं. तुम्ही स्वतः पुण्यात राहत असाल आणि पॉलिसीवर पत्ता बेळगावजवळच्या येळ्ळूरचा असेल, तर पत्ता बदलून घ्या. थोडा जास्त हप्ता परवडला. गावाजवळच्या नर्सिंग होमचंही एकदा बघून ठेवा. ते नोंदणीकृत असावं लागतं. तसं नसेल तर १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर अशा अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. चार खाटांच्या बिननोंदणीच्या दवाखान्यात ॲडमिट झालात तर क्लेम अडतो.

रक्कम किती? एकट्या तरुणाला १० लाखांची मूळ पॉलिसी ठीक. हप्ता जड जात असेल तर ५ लाखांची मूळ आणि वर सुपर टॉप-अप. ५ लाखांच्या वरचा खर्च सुपर टॉप-अप उचलतो, म्हणून तो बराच स्वस्त पडतो. फक्त ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ यांत गल्लत करू नका. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक ॲडमिशनचं बिल वेगळं मोजतात. वर्षात ४ लाखांची दोन बिलं झाली तर दोन्ही ५ लाखांच्या आत, टॉप-अप एक रुपया देत नाही. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो, ८ लाखांतले वरचे ३ लाख देतो.

वडिलांच्या पॉलिसीचं काय? बहुतेक फॅमिली पॉलिसींत अवलंबून असलेल्या मुलाला २५ वर्षांपर्यंतच ठेवतात. त्यानंतर नाव आपोआप गळतं आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या रिन्यूअलच्या आधीच स्वतंत्र पॉलिसी मागा, म्हणजे वडिलांच्या पॉलिसीत गेलेली तुमची वर्षं नव्या पॉलिसीत धरली जातात. वय बसत असलं तरी मी वेगळीच सुचवीन. फॅमिली पॉलिसीचा हप्ता घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या वयावर बसतो, आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पूर्ण रक्कम गेली की त्या वर्षी तुमच्यासाठी उरत नाही. लग्न ठरत असेल तर बाळंतपणाचं कलम आताच बघा. जिथे ते असतं तिथेही बहुधा दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

‘आमच्याकडे कार्ड आहे’ असंही ऐकू येतं. सरकारी आरोग्य योजनांची ही कार्डं खरी आहेत, ती काढून ठेवाच. बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकात वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांना मात्र पॅकेजच्या ३० टक्केच, वर्षाला दीड लाखांपर्यंत. तातडीची वेळ सोडून दोघांनाही सरकारी दवाखान्याची शिफारस लागते. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर कर्नाटकाची यशस्विनी आरोग्य योजना आहे. बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यात २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, आहे. पगार त्यापुढे गेला की वर्गणीचा चालू कालावधी संपल्यावर ते सुटतं. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय २०२३ मध्ये घेतला, पण दोन राज्यांच्या ओढाताणीत सापडलेल्या योजनेच्या भरवशावर स्वतःची पॉलिसी बंद करणं मला धोक्याचं वाटतं. या योजनांत ठराविक दवाखाने आणि ठराविक पॅकेजेस असतात. ज्याचं उत्पन्न वाढत चाललंय त्याच्या हातून त्या केव्हाही निसटू शकतात.

पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची असेल, म्हणजे पोर्ट करायची असेल, तर रिन्यूअलच्या दोन महिने आधी हालचाल सुरू करा. २० एप्रिलची तारीख असेल तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज गेलेला बरा. अर्जासोबत मागच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसीच्या प्रती आणि झालेल्या क्लेमची कागदपत्रं द्या. नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून तिची पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची मुदत असते. तीही चुकली तर गेलेली सगळी वर्षं पाण्यात जातात. नवी पॉलिसी आल्यावर तिच्यावर जुनी तारीख आणि मागची विमा रक्कम नोंदलीय का ते पहिल्यांदा बघा. ती नसेल तर कंपनीच्या लेखी तुम्ही नवे ग्राहक. नव्याने घेतलेली पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवर हिशेब करू नका. हप्त्यावरची आयकरातली सूट जुन्या करप्रणालीतच मिळते.

फॉर्म स्वतः भरा. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूचा प्रश्न एजंट विचारतही नाही, सरळ ‘नाही’ लिहून टाकतो. तंबाखू, गुटखा, मिसरी, सिगारेट, जे असेल ते लिहा. हप्ता वाढेल, फार तर अट लागेल. पण तोंडाच्या आजाराच्या केसपेपरवर डॉक्टर ‘दहा वर्षं तंबाखू’ असं लिहितात, आणि क्लेम पाहणारा तोच कागद वाचतो. नावाच्या स्पेलिंगचंही तसंच. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पॉलिसीवर तिसरं, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. पॉलिसी, आधार आणि बँक पासबुक यांवर एकच स्पेलिंग करून घ्या. पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहितीपत्रक, ज्यात मर्यादा आणि थांबण्याचे काळ दोन-तीन पानांत लिहिलेले असतात, ते मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावं लागतं. मराठीत मागून बघा.

कॅशलेसचा, म्हणजे विमा कंपनीने दवाखान्याला थेट पैसे द्यायचा, अर्ज गेल्यावर विमा कंपनीने एका तासात मंजुरीचा निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. कपात झाली किंवा क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या वर्षभरात विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा त्यांच्या अखत्यारीत आहे. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळूरला आहे, कोल्हापूर भागासाठी पुण्याला. तुमचं राहण्याचं ठिकाण किंवा विमा कंपनीची शाखा, यांपैकी एक जिथे असेल तिथे तक्रार चालते. म्हणजे बेळगावात राहून कोल्हापूरच्या शाखेतून पॉलिसी घेतली असेल, तर पुण्याच्या लोकपालाकडेही जाता येतं, आणि तिथे मराठीत आपली बाजू मांडणं सोपं जातं.