आईबरोबर ॲम्स्टरडॅमची खाद्यफेरी

ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलव्हेनमध्ये मी सहा वर्षं राहते. डच लोकांना जेवणातलं फारसं काही कळत नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. दुपारी ऑफिसात पावाच्या दोन कापांमध्ये चीजचा एक काप आणि पेलाभर दूध, संध्याकाळी सहाला उकडलेला बटाटा. मागच्या जूनमध्ये आई वेंगुर्ल्याहून आली. तिसऱ्याच दिवशी तिने विचारलं, "हयसर माणसां काय खातत गो?" मला सांगता येईना. सहा वर्षं राहून मला हे सांगता येऊ नये, याची मला खरंच लाज वाटली. त्याच रात्री मी गाइडबरोबरच्या खाद्यफेऱ्या शोधायला बसले.

निवडायला तीन संध्याकाळी गेल्या. कालव्यातल्या बोटीत चीजचं ताट पुढे ठेवणाऱ्या फेऱ्या मी आधीच बाजूला काढल्या. मला चालत जायचं होतं, लोक रोज जातात त्या दुकानांत. शेवटी योर्दान या जुन्या वस्तीतली साडेतीन तासांची फेरी ठरवली. गटात जास्तीत जास्त आठ जण, सहा थांबे, माणशी शंभर युरोंच्या आसपास. आई अडुसष्टची, गुडघे कुरकुरतात, म्हणून चालणं किती आणि बसायला कुठे मिळेल हे आधी ईमेलने विचारलं. सगळं मिळून तीनेक किलोमीटर आणि चार ठिकाणी खुर्च्या, असं उत्तर आलं. फॉर्ममध्ये आहाराचा रकाना होता. तिथे मी स्पष्ट लिहिलं: एक व्यक्ती गोमांस आणि डुकराचं मांस खात नाही, मासे आणि कोंबडी चालते. नोंद घेतली, असं उत्तरही आलं.

शनिवारी सकाळी अकराला नॉर्डरकेर्क या सतराव्या शतकातल्या चर्चपाशी जमायचं होतं. शनिवारी तिथल्या चौकात शेतकऱ्यांचा सेंद्रिय बाजार भरतो, त्यामुळे फेरी सुरू होण्याआधीच आई भाज्यांच्या टेबलांपाशी रमली. गाइड पन्नाशीची, याच वस्तीत वाढलेली. तिने पहिली गोष्ट सांगितली ती खाण्याची नव्हे, भुकेची. 1612 नंतर शहर वाढलं तेव्हा श्रीमंतांना कालव्यांकाठी मोठी घरं मिळाली आणि कामगार, कारागीर, परदेशातून पळून आलेले लोक इथे योर्दानमध्ये दाटीवाटीने राहिले. पहिल्या महायुद्धात, 1917 च्या उन्हाळ्यात, घरात बटाटा नसलेल्या इथल्या बायकांनी बटाट्यांनी भरलेली होडी लुटली. दंगल पसरली, सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. बटाट्यासाठी. ऑफिसातल्या ज्या बटाट्याला मी नावं ठेवत होते, तो त्या क्षणापासून मला वेगळा दिसायला लागला.

पहिला थांबा सफरचंदाच्या केकचा. अपेलटार्ट म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला पातळ ॲपल पाय नव्हे. उंच, जाड कडांचा, आत सफरचंदाच्या फोडी जशाच्या तशा, दालचिनीचा वास आणि बाजूला न गोड केलेल्या सायीचा ढीग. पहिल्याच थांब्यावर अख्खा काप संपवला तर पुढे पंचाईत होते. आमच्या गटातल्या दोघांची झालीच. आम्ही मायलेकींनी एक काप वाटून घेतला आणि ते फार बरं झालं. शाकाहारी पण अंडं न खाणाऱ्यांनी मात्र इथे आधीच विचारावं, कारण या केकच्या पिठात अंडं असतं.

मग चीजचं दुकान. गौडा, ज्याला इथे खौदा म्हणतात, चार आठवड्यांचं कोवळं आणि वर्षभर मुरलेलं असं शेजारीशेजारी ठेवून खायला दिलं. कोवळं लोण्यासारखं. मुरलेलं कडक, खारट-गोड, दाताखाली बारीक कण कुरकुरणारं. आईला वाटलं, साखर राहिली. ते चीज मुरताना आपोआप तयार होणारे स्फटिक असतात. पुढे लायडनचं जिऱ्याचं चीज आणि फ्रीसलंडचं लवंगांचं. लवंग दाताखाली आली तशी आई थांबली. या मसाल्यांसाठी 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली, असं गाइड म्हणाली. लगोलग तिने हेही सांगितलं की जायफळाच्या मक्तेदारीसाठी 1621 मध्ये याच कंपनीने इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारली, हुसकावली किंवा गुलाम केली. चीज खायला देत असताना तिने हे झाकून ठेवलं नाही, म्हणून मला ती आवडली.

तेव्हा आई मला म्हणाली, "तिका सांग, आमच्या गावात त्यांची वखार आसा." मी सांगितलं. वेंगुर्ल्याची डच वखार आज पडक्या भिंतींपुरती उरली आहे, आम्ही लहानपणी तिच्या आसपास खेळलो. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना वेंगुर्ल्याहून रसद जायची. गाइडला हे ठाऊक नव्हतं. तिने वहीत गावाचं नाव लिहून घेतलं आणि आईला ते दोनदा म्हणायला लावलं. त्यानंतरची सगळी फेरी आई तिच्या बरोबरीने, पुढे चालली.

तिसरा थांबा हारिंगच्या गाडीवर. याचीच मला धास्ती होती. हारिंग हा आपल्या तारलीचा, पेडव्याचा नातलग. डच लोक तो न शिजवता खातात. आईने लांबूनच हात हलवला, "कच्चो मासो? माका नको गो बाय." पण ती गाडीजवळ गेली आणि तिथून हलेना. विक्रेत्याच्या हातात लहान पात्याची सुरी होती. त्याने पोटाला एक चीर दिली, साल शेपटीकडे ओढून काढली, बोटाने मधला काटा सोडवला आणि मासा उघडून ठेवला. दोन बाजू शेपटीला जोडलेल्या, तांबूस-रुपेरी. मासा साफ करणाऱ्या हातांची पारख आईला आहे. ती विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

गाइडने समजावलं की हा तसा अगदी कच्चा नसतो. माशाचे कल्ले आणि आतडी काढतात, पण स्वादुपिंड मुद्दाम ठेवतात आणि मग मिठात घालतात. स्वादुपिंडातल्या रसांनी मांस मऊ होऊन मुरतं. शिवाय माशातल्या कृमी मराव्यात म्हणून तो उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवणं कायद्याने सक्तीचं आहे. जूनच्या मध्यावर नव्या हंगामाचा हारिंग बाजारात येतो आणि त्यात किमान 16 टक्के चरबी असावी लागते. म्हणून तो इतका गुळगुळीत. मीठ लावलेला मासा महिनोन्‌महिने टिकतो हे डचांना साधलं आणि त्यावर त्यांचा व्यापार फोफावला. ॲम्स्टरडॅम हारिंगच्या काट्यांवर उभं आहे, अशी म्हणच आहे इथे. हे आईला भाषांतर करून सांगितलं. आमच्या घरी पावसाळ्यासाठी बरणीत मिठाचे थर देऊन बांगडे ठेवतात. तिला आणखी समजावण्याची गरज उरली नाही.

ॲम्स्टरडॅममध्ये हारिंगचे तुकडे करतात, वर बारीक कांदा आणि काकडीचं लोणचं घालतात, आणि टोचायच्या काडीला कागदी झेंडा असतो. शेपटी धरून, मान मागे टाकून खाण्याची पद्धतही आहे, आमच्या गटातल्या एकाने ती करून पाहिली. आईने काडीने एक तुकडा उचलला, डोळे मिटले, खाल्ला. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बरो लागता. कांद्यावांगडा बरो लागता." उरलेले तुकडे तिनेच संपवले. मी पहिला तुकडा खाल्ला तेव्हा मला वासाची भीती होती. वास जवळजवळ नव्हताच. ताजेपणा, मीठ आणि लोण्यासारखं काहीतरी जिभेवर पसरत गेलं. सहा वर्षं या गाडीवरून मी न थांबता जात होते.

चौथ्या थांब्यावर गडबड झाली. जुना ब्राऊन कॅफे, म्हणजे जुन्या धाटणीचा डच पब, धुराने आणि वयाने काळवंडलेलं लाकूड, टेबलावर वाळू भरलेली मेणबत्तीची ताटली. बशीतून बिटरबालन आले: लिंबाएवढे, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेले गोळे आणि मोहरीची चटणी. आईने काटा उचलला होता. मी विचारलं, आत काय? गाइड म्हणाली, बीफ. आमची नोंद तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. कंपनीच्या ऑफिसने ती तिच्या यादीत घातलीच नव्हती. तिने तिथल्या तिथे फोन लावला, मग आईसमोर खाली वाकून माफी मागितली. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. आधी कळवून, होकार घेऊनही असं व्हायला नको होतं. मी विचारलं नसतं तर?

गाइडने आईसाठी कोळंबीचे क्रोकेट मागवायचं सुचवलं. आई म्हणाली, "त्याच तेलात तळतत काय, ता इचार." गाइड आत जाऊन विचारून आली आणि तिने खरं ते सांगितलं: तेल एकच. आईने क्रोकेट नको म्हटलं. मग तिच्यासाठी राय पाव, चीज, मोहरी आणि एका वाटीत पिवळेधमक छोटे कांदे आले. आईने एक कांदा बोटांत धरून उजेडाकडे नेला, बोट चाटलं. "हळद घातल्यानी हा." खरंच हळद. ॲम्स्टरडॅमचे कांदे म्हणून हे प्रसिद्ध आहेत, व्हिनेगरमध्ये मुरवलेले, रंग हळदीचा, कधी केशराचाही. वाटी तिने एकटीने रिकामी केली.

त्या कॅफेत आम्ही ठरल्यापेक्षा जास्त बसलो. आईने अन्न टाकलं नाही, पावाचा शेवटचा तुकडासुद्धा उचलला, ते पाहून गाइड तिच्या आजीबद्दल बोलायला लागली. दुसऱ्या महायुद्धातला 1944-45 चा हिवाळा. डच रेल्वेच्या संपानंतर जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचा अन्नपुरवठा रोखला, नंतर कालवे गोठले. 1945 च्या फेब्रुवारीअखेरीला रेशनवर दिवसाला जेमतेम 580 कॅलरी मिळत होत्या. लोकांनी शुगर बीट खाल्लं, ट्यूलिपचे कंद खाल्ले. कंदाच्या मधला पिवळा कोंब विषारी म्हणून तो काढून टाकायचा आणि उरलेलं उकडायचं, हे तिच्या आजीला म्हातारपणीही पाठ होतं. वीस हजारांच्या आसपास माणसं त्या हिवाळ्यात भुकेने गेली. मी दर एप्रिलमध्ये ट्यूलिपचे फोटो घरी पाठवते. आईने ते सगळं ऐकलं आणि गाइडच्या हातावर हात ठेवला. भाषांतर करायला मला थोडा वेळ लागला.

पाचवा थांबा सुरीनामी दुकानाचा. पारंपरिक डच जेवणात हे कसं, असं गटातल्या एकाने विचारलं. उत्तर साधं आहे: दक्षिण अमेरिकेतलं सुरीनाम 1975 पर्यंत डचांच्या ताब्यात होतं आणि तिथले लोक आपली चव घेऊन इथे आले. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर राबायला 1873 पासून कलकत्त्याहून मजूर नेले, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातले. पहिल्या जहाजाचं नाव लल्ला रूख. 1916 पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास माणसं गेली. काउंटरवरची बाई त्यांच्यातल्याच कोणाची तरी पणती. तिने 'बारा' दिला, उडदाच्या डाळीचा, मधे भोक, बरोबर तिखट चटणी. आई हिंदीत बोलली, ती सरनामीत, म्हणजे त्या मजुरांच्या वंशजांच्या बोलीत, आणि दोघींचं जमलं. मी त्या वेळी भाषांतर करत नव्हते, नुसती उभी राहून ऐकत होते. इथलं तेल वेगळं आहे का, हे आईने स्वतःच विचारलं. होतं. तिने दोन खाल्ले.

शेवटी स्ट्रोपवाफल. पातळ वाफल गरम असतानाच आडवा चिरून दोन चकत्या करतात, मधे कढत काकवीसारखा पाक पसरतात आणि दाबतात. गौडा शहरातला हा पदार्थ. पाकिटातला आणि तव्यावरून उतरलेला यांची तुलना करू नये, इतका फरक आहे.

फेरी संपल्यावर मी कंपनीला सविस्तर लिहिलं: गाइडचं कौतुक आणि ऑफिसची चूक, दोन्ही. त्यांनी आईच्या भागाचे निम्मे पैसे परत केले. तुम्ही जाणार असाल तर फॉर्ममध्ये लिहून थांबू नका. आदल्या दिवशी फोन करा आणि निघताना गाइडला तोंडाने पुन्हा सांगा. तळणीचं तेल विचारा. कट्टर शाकाहारी असाल तर चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करणारा घटक) वासराच्या पोटातलं की वनस्पतिजन्य, हेही विचारा, दुकानदार नीट सांगतात. सकाळी उपाशीपोटी निघा, कार्ड जवळ ठेवा कारण बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत, आणि सायकलींच्या लाल पट्ट्यावर थांबून फोटो काढू नका.

आई जानेवारीत पुन्हा येते आहे. थंडीत इथे वाटाण्याच्या डाळीचं सूप करतात, चमचा उभा राहील इतकं दाट. त्यात डुकराचं सॉसेज असतं. त्याच गाइडला मी विचारलं, सॉसेज न घालता कुठे मिळेल. तिने लिहिलं की दुकानात नाही मिळणार, पण तिच्या स्वयंपाकघरात मिळेल, आणि येताना वेंगुर्ल्याच्या वखारीचा एक फोटो आणा.